‘पुढे न्या’ म्हणणाऱ्या चिठ्ठीस

रेफर चिठ्ठीस,

पत्र लिहिण्यास कारण की, आमच्या नंदुरबार जिल्ह्यात मुलांसाठी खास रुग्णालय हवं असं बोलणं निघालं की लोक जागेवर बोलतात, मजल्यांवर बोलतात, खाटांवर बोलतात. तुझ्यावर कुणीच बोलत नाही. तुला सगळे कागद समजतात. मी तुला आरोपी समजते, आणि आरोप तुझ्या तोंडावर वाचून दाखवावेत म्हणून हे पत्र लिहितेय.

आधी तुझी ओळख करून देते, कारण मोठ्या शहरातल्या वाचकाच्या वाट्याला तू फारशी येत नाहीस. केसपेपरचा अर्धा कागद. वर आरोग्य केंद्राचा रबरी शिक्का, निम्मा उमटलेला. मध्ये तीन-चार ओळी: ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव, वजन १४०० ग्रॅम, श्वासाला त्रास, पुढील उपचारांसाठी रवाना. खाली सही आणि वेळ. कुठल्या डॉक्टरांकडे पाठवलं ते नाही, तिथे खाट रिकामी आहे का ते नाही, निघताना बाळाचं अंग गरम होतं की गार तेही नाही. एवढ्या मजकुरावर तू एका दिवसाच्या जिवाला घाट उतरायला लावतेस.

एका दवाखान्याच्या दारात तुला मी अगदी जवळून पाहिलं आहे. तू आजीच्या मुठीत होतीस. घामाने तुझी शाई पसरली होती, वजनाचा आकडा वाचता येत नव्हता. आई त्याच पहाटे बाळंत झालेली. रुग्णवाहिकेतून ती स्वतःच्या पायांनी उतरली, भिंतीला धरून आत आली. बाळ जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं, तळपाय निळसर. सिस्टरने काखेत थर्मामीटर धरला आणि आत हाक दिली, “बाळ थंड आलंय!” नवजात बाळाचं तापमान ३६.५ च्या खाली जायला नको; हे ३४ वर आलं होतं. थंड पडलेल्या बाळाच्या रक्तातली साखर उतरते, त्याला प्राणवायू जास्त लागतो, श्वास आणखी बिघडतो. म्हणजे ज्या दुखण्यासाठी तू त्याला पाठवलंस, ते दुखणं तुझ्याच वाटेवर वाढलं होतं. निघताना बाळाला उघडं करून आईच्या उघड्या छातीवर ठेवलं असतं, वरून दोघांना पांघरूण घातलं असतं, तर त्याची ऊब टिकली असती. तुझ्यावर ती एक ओळ लिहायला जागा होती. कुणी लिहिली नाही, आणि तुझं काही अडलंही नाही.

तुला घाट लागत नाही. तुला थंडी वाजत नाही. तुला दूध लागत नाही. म्हणून तुझ्या लेखी धडगाव ते नंदुरबार म्हणजे एका शिक्क्याकडून दुसऱ्या शिक्क्याकडे जाणं. आमच्या लेखी तो अडीच-तीन तासांचा रस्ता आहे, आणि पावसाळ्यात तो रस्ता राहीलच याची खात्री नाही. २०२१ च्या सप्टेंबरात चांदसैली घाटात दरड कोसळली होती, तेव्हा आजारी बायकोला खांद्यावर घेऊन चालत निघालेल्या माणसाची बातमी सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. ती बाई दवाखान्यापर्यंत पोहोचली नाही. पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत आजही कित्येक ठिकाणी बांबूला बांधलेली झोळी हीच रुग्णवाहिका असते. अक्कलकुवा आणि धडगावच्या नर्मदाकाठच्या गावांना तर आधी पाणी ओलांडावं लागतं. २०२० च्या टाळेबंदीत याच काठावरच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे स्वतः नाव वल्हवत, १८ किलोमीटर जाऊन, बाळांची आणि गरोदर बायांची वजनं घेऊन येत होत्या. देशभर त्यांचं कौतुक झालं, आणि व्हायलाच हवं होतं. पण त्यांनी हातांनी कापलेल्या त्या पाण्यापलीकडे, बाळ आजारी निघालं की पुन्हा तूच उभी होतीस.

नंदुरबारला पोहोचलं म्हणजे सुटलं, असंही नाही. तिथे तुझ्यावर दुसरी चिठ्ठी चढते: धुळे. नव्वदेक किलोमीटर. धुळ्याहून नाशिक, नाहीतर मुंबई. कुणी शहाणा नातेवाईक मध्येच ठरवतो की सुरत बरं, रेल्वे सरळ जाते. प्रत्येक ठिकाणी बाळाला नव्याने टोचतात, नव्याने रक्त घेतात, कारण आधीच्या ठिकाणी काय सापडलं ते तू सांगत नाहीस. १४०० ग्रॅमच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं सव्वाशे मिलिलिटरच्या आसपास. तुझ्या गप्प राहण्याची किंमत त्यातून जाते.

तुझ्यावर सही करणाऱ्याला मी दोष देत नाही. तो बहुतेक वेळा बंधपत्राचं एक वर्ष भरणारा चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा असतो किंवा पोरगी असते. रात्री दोन वाजता समोर निळं पडलेलं बाळ, हाताशी एक प्राणवायूचा सिलिंडर, एक सिस्टर आणि बालरोगतज्ज्ञाची रिकामी खुर्ची. त्याने पुढे पाठवू नये तर काय करावं? २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत देशभरातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांमधली बालरोगतज्ज्ञांची तूट ८० टक्क्यांच्या वर होती. दहा जागांपैकी आठ जागी माणूस नाही. त्या आठ रिकाम्या खुर्च्यांच्या वतीने तू बोलतेस, आणि तुझ्या बोलण्यामुळे त्या रिकाम्या आहेत हे कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. माझा खरा आरोप हा आहे. बाळांना तू दूर नेतेस, आणि त्याच वेळी जबाबदारीही दूर नेतेस.

कशी, ते सांगते. बाळ केंद्रातून निघालं की तिथल्या नोंदवहीत ‘रवाना’. तिथे मृत्यू नाही. वाटेत गेलं तर बाप बहुधा वाटेतूनच झोळी घेऊन मागे फिरतो. ते पुढच्या नोंदवहीत चढतच नाही. पोहोचून तासाभरात गेलं तर तो मृत्यू मोठ्या दवाखान्याच्या नावावर. मग एखाद्या दिवशी असे सगळे मृत्यू एका छताखाली जमतात आणि राज्य दचकतं. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २०२३ च्या सप्टेंबरअखेर २४ तासांत २४ रुग्ण गेले, त्यात १२ नवजात बाळं होती. दूरदूरच्या गावांतून शेवटच्या अवस्थेत रुग्ण आमच्याकडे येतात, असं तेव्हा सांगण्यात आलं. ते येतात ही खरी गोष्ट आहे. त्यांना आणतं कोण, शेवटची अवस्था येईपर्यंत कुठल्या कुठल्या दारांवरून फिरवतं कोण, हे त्या चौकशीत तुला विचारायला हवं होतं.

डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला, तेव्हा सरकारी वह्यांत लिहिलेल्या बालमृत्यूंपेक्षा खरे मृत्यू कितीतरी जास्त असल्याचं महाराष्ट्राला कळलं. त्यानंतर नोंदणी सुधारली, हे मी मान्य करते. २०२० च्या नमुना नोंदणीत देशाचा अर्भकमृत्युदर हजारी २८ आणि महाराष्ट्राचा १६ आला. ही कमाई आशाताईंची, परिचारिकांची आणि लसीकरणाची आहे. पण त्या १६ मध्ये दादरचं बाळ आणि धडगावचं बाळ एकाच ओळीत मोजलेलं आहे. सातपुड्यासाठी रुग्णालय आखताना राज्याची सरासरी समोर ठेवणाऱ्याने ती बाजूला करावी आणि तुझ्या प्रती समोर घ्याव्यात.

आमच्या जिल्ह्याला मोजमापाचं वावडं नाही, हेही तुला सांगते. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिला गेला. माणूस कुठेही गेला तरी ओळखता यावा, ही व्यवस्था आमच्या मातीतून सुरू झाली. आणि त्याच जिल्ह्यातलं बाळ तुझ्यावर ‘बेबी ऑफ’ एवढ्याच नावाने निघतं, तीन दवाखाने ओलांडतं, आणि पुढे त्याचं काय झालं ते पहिल्या दवाखान्यातल्या डॉक्टरला कधीच कळत नाही. त्याने केलेलं बरोबर होतं की चूक, तेही त्याला कळत नाही. शिकायचं कुणाकडून? तू परत कधी येत नाहीस.

आता रुग्णालयाबद्दल. कारण तुझा निकाल लावायचा तर तो तिथेच लागेल, आणि चुकीचं रुग्णालय बांधलं तर तुलाच आणखी एक मुक्काम मिळेल.

चुकीचं रुग्णालय कसं बांधतात, ते आपल्याकडे सर्वांना पाठ आहे. जिल्ह्याच्या गावाबाहेर वळणावर जागा, पाच मजले, शंभर किंवा दोनशे खाटा, दर्शनी काच, भूमिपूजन. यंत्रं येतात, खोक्यांतच राहतात. पदं मंजूर होतात, भरली जात नाहीत. वर्षभरात त्या चकचकीत काउंटरवरून पहिली चिठ्ठी निघते: धुळे. याला मुलांचं रुग्णालय म्हणता येणार नाही.

बरोबर रुग्णालयाची सुरुवात एका प्रश्नाने होते: तुझ्यावर कोणती मुलं असतात? गेल्या तीन वर्षांच्या तुझ्या स्थळप्रती सहाही तालुक्यांच्या दवाखान्यांतून गोळा करून कुणी एकदा वाचाव्यात. मला जे दिसत आलं आहे त्यावरून सांगते, त्यांतला मोठा ढीग नवजातांचा निघेल: दिवस न भरलेली, जन्मताच न रडलेली, जंतुसंसर्ग झालेली. दुसरा ढीग न्यूमोनिया, हगवण, कुपोषण यांचा. तिसरा सिकलसेलचा. आणि एक लहान, पण फार अवघड ढीग: हृदयात दोष असलेली, गुदद्वार नसलेली, अन्ननलिका जोडलेली नसलेली बाळं.

या ढिगांना वेगवेगळी उत्तरं लागतात, आणि सगळी उत्तरं नंदुरबारात एका इमारतीत ठेवायची नसतात. पहिल्या ढिगासाठी सगळ्यात मोठं काम मोलगी आणि धडगावला व्हायला हवं, जिल्ह्याच्या गावी नाही. श्वासाला आधार देणारं सीपॅप, वॉर्मर, काविळीचा निळा दिवा, शिरेतून मोजून औषध देणारा पंप, आणि हे सगळं चालवणारी परिचारिका. एवढं घाटावर असलं तर तुझ्या निम्म्या प्रती लिहायची वेळ येणार नाही, असं मला वाटतं. त्याच्याही आधीचं काम घरात आहे. गडचिरोलीत डॉ. बंग यांच्याच ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले, १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाते, ती त्याच कामाची पुढची पायरी आहे. मुलांचं रुग्णालय आखणाऱ्याच्या नकाशात आशाताई नसेल, तर तो नकाशा अर्धा आहे.

अवघड ढिगाबद्दल मी थोडं कडू बोलणार आहे, आणि ते तुझ्या बाजूचं वाटेल. बालहृदयाची शस्त्रक्रिया पहिल्या दिवसापासून नंदुरबारात करू नये. जगभरात हजार जन्मांमागे आठ-नऊ बाळांच्या हृदयात दोष असतो. जिल्ह्यात वर्षाला तीस हजार जन्म धरले तर अशी अडीचशेच्या आसपास बाळं होतात, आणि त्यातल्या साधारण चौथ्या हिश्शाला पहिल्या वर्षातच मोठा उपचार लागतो. म्हणजे साठ-सत्तर. एवढ्या थोड्या शस्त्रक्रियांवर त्या चमूचा हात बसत नाही, आणि हात न बसलेल्या चमूच्या हाती आपली मुलं द्यायची नसतात. पण दोष ओळखणारा बालहृदयतज्ज्ञ आणि इकोचं यंत्र इथेच हवं. काही बाळांची जन्मापूर्वीची रक्तवाहिनी उघडी ठेवणारं प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन इथेच हवं. ते मिळालं तर मुंबईपर्यंतचा प्रवास बाळाला झेपतो. नाही मिळालं तर ती वाहिनी वाटेत बंद होते. पोटाची शस्त्रक्रिया करणारा बालशल्यविशारद मात्र इथे हवाच, आणि त्याच्याबरोबर लहान मुलांना भूल देणारा. भुलीचा माणूस नसेल तर शल्यविशारदाची नेमणूक नुसती कागदावरची.

म्हणजे तू पूर्णपणे जाणार नाहीस. पण यापुढे जिवंत राहायचं असेल तर तुला वेगळं व्हावं लागेल. तू निघण्याआधी समोरच्या डॉक्टरशी बोलणं झालेलं हवं, खाट राखलेली हवी. बाळासोबत नवजातांचं शिक्षण घेतलेली परिचारिका हवी. २०१४ मध्ये राज्यात १०८ ची सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ रुग्णवाहिका आल्या आणि त्यांनी हजारो माणसं वाचवली, यात शंका नाही. पण गाडीतलं स्ट्रेचर मोठ्या माणसाच्या अंगाचं. दीड किलोच्या बाळासाठी वेगळी पेटी, वेगळा श्वासाचा आधार आणि वेगळे हात लागतात. मुलांच्या रुग्णालयाने गाडी पाठवून बाळ आणायला हवं. बाळाने दारोदार फिरून रुग्णालय शोधायचं, ही आत्ताची रीत तू पाडलीस.

आई कुठे राहणार, हा प्रश्न मी इमारतीचा नकाशा काढणाऱ्या प्रत्येकाला विचारणार आहे. बाळ काचेत, आई व्हरांड्यात, आजी जिन्याखाली आणि बाप चहाच्या टपरीमागे, ही आजवरची वास्तुरचना आहे. पाच देशांत, त्यात आपल्या देशातही, झालेल्या एका अभ्यासाने २०२१ साली दाखवलं की कमी वजनाच्या बाळाला जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवत राहिलं तर मृत्यू २५ टक्क्यांनी कमी होतात. त्यासाठी नवजात अतिदक्षता कक्षात बाळाच्या शेजारी आईची खाट लागते, बाळंतिणीची तपासणीही तिथेच व्हावी लागते. हे नंतर जोडता येत नाही. भिंती उभारण्याआधी ठरवावं लागतं. दोन खाटांची जागा एका वॉर्मरला द्यावी लागते, मग खाटांचा आकडा लहान दिसतो, आणि लहान आकडा भूमिपूजनाच्या पत्रिकेत शोभत नाही. तो शोभायला नकोच. आईची खाट हवी.

‘सर्च’च्या शोधग्रामची गोष्ट या ठिकाणी आखणाऱ्यांनी ऐकावी. बंग दांपत्याने गडचिरोलीत दवाखाना काढताना आदिवासींनाच विचारलं, तुम्हाला कसा हवा? मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, नातेवाइकांना सोबत राहता येत नाही, असं लोक बोलले. मग दवाखाना झोपड्यांच्या गावासारखा झाला, घरची माणसं रुग्णाजवळ राहू लागली, आणि लोकांनी सुचवल्याप्रमाणे त्याला माँ दंतेश्वरीचं नाव मिळालं. आमच्याकडे कुणी असं विचारलं आहे? पावरी, देहवाली, मावची बोलणाऱ्या आईला ‘बाळाला सॅच्युरेशन राहत नाही’ असं मराठीत सांगून तिची सही घेतात. ती सही करते, अंगठा देते, आणि रात्री बाळाला उचलून घरी निघून जाते. नोंदवहीत लिहितात: डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध गेली. सल्ला तिला कळेल अशा बोलीत कुणी दिला होता, ते नोंदवहीत नसतं. तिन्ही पाळ्यांमध्ये तिची बोली बोलणारं माणूस कक्षात हवं, पगारी, ओळखपत्र घातलेलं. आमच्या पाड्यांतल्या बारावी झालेल्या मुली हे काम उत्तम करतील, आणि त्यांतल्या कितीतरी जणी पुढे परिचारिका होतील.

परिचारिकांवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण रुग्णालय त्यांच्यावर उभं राहतं आणि आराखड्यात त्यांना शेवटचं पान मिळतं. व्हेंटिलेटरवरच्या बाळामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका हवी. दिवसाच्या तीन पाळ्या, आठवड्याची सुट्टी, रजा, आजारपण, बाळंतपण धरलं तर त्या एका खाटेसाठी साडेचार-पाच जणी नेमाव्या लागतात. दहा खाटांचा खरा अतिदक्षता कक्ष म्हणजे पन्नासेक परिचारिका. त्या अकरा महिन्यांच्या कंत्राटावर मिळणार नाहीत. मिळाल्या तर टिकणार नाहीत. नवजात बाळाच्या केसाएवढ्या शिरेत सुई घालायला हात तयार व्हायला काही महिने जातात, आणि तो हात तयार झाला की कंत्राट संपतं. म्हणून पहिली वीट ठेवण्याच्या दोन वर्षं आधी मुली निवडाव्यात, मुंबईत १९२९ पासून केवळ मुलांवर उपचार करत आलेल्या वाडिया रुग्णालयासारख्या ठिकाणी त्यांना शिकायला पाठवावं, परत आल्यावर कायम नेमणूक द्यावी, राहायला घर द्यावं. डॉक्टरांनाही घर लागतं, त्यांच्या मुलांना शाळा लागते, नवरा-बायकोला एकाच गावात नोकरी लागते. डॉक्टर दुर्गम भागात जात नाहीत, असं सुस्कारा टाकून बोलणाऱ्यांनी आधी तिथल्या कर्मचारी वसाहतीचं छत पाहून यावं. नंदुरबारला २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. तिथे बालरोगाचं पदव्युत्तर शिक्षण आणि हे रुग्णालय एकमेकांत गुंफलं तर इथे शिकलेला डॉक्टर इथे राहण्याची थोडीतरी शक्यता तयार होते.

वीज, वायरिंग आणि आगीपासून बचाव यांवर एकच गोष्ट लिहिते, कारण जास्त लिहवत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली आणि १० बाळं गेली. गेलेली बाळं बाहेरून आणलेल्या बाळांच्या कक्षातली होती. तुझ्याच हाताने तिथवर आलेली. ज्या आराखड्यात नवजात कक्षाला बाहेर पडायला दुसरी वाट नाही, धुराची सूचना देणारी यंत्रणा नाही आणि रात्रभर जागी राहणारी पुरेशी माणसं नाहीत, तो कुणाच्याही सहीने मंजूर होता कामा नये.

सिकलसेलसाठी तर तुझा उपयोग शून्य आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंत या आजाराचं उच्चाटन करायचं ठरलं. तपासण्या होत आहेत, कार्डं मिळत आहेत. पण भिल्ल-पावरा घरातल्या सात वर्षांच्या मुलाला मध्यरात्री हाडं पिळून काढणारी कळ येते, तेव्हा त्याला कार्ड नको असतं. त्याला सलाईन आणि पुरेसं वेदनाशामक हवं असतं, प्लीहा एकाएकी फुगली तर तासाभरात रक्त हवं असतं. त्याला जन्मताच तपासायला हवं होतं, दोन महिन्यांपासून पेनिसिलिन, पुढे हायड्रॉक्सियुरिया, आणि वर्षानुवर्षं एकच ओळखीचा डॉक्टर. हा आजार आयुष्यभराचा, आणि तू एका रात्रीची. शिवाय दिवाळीनंतर हीच कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला जातात, मुलं सोबत जातात, औषध तुटतं. म्हणून मुलाची नोंद त्याच्याबरोबर बार्डोलीच्या पडावापर्यंत गेली पाहिजे आणि औषध तिथेही मिळालं पाहिजे. दोन राज्यांच्या आरोग्य खात्यांनी एकत्र बसून हे ठरवणं अशक्य नाही; उसाच्या टोळ्या नेणारे मुकादम दरवर्षी दोन राज्यांचा हिशेब जमवतात.

तुझ्यावरचे आरोप एवढे. आता मागण्या, आणि त्या मी तुझ्यामार्फत तुझ्या मालकांकडे करते. तुझ्या स्थळप्रतींची तालुकावार मोजणी करून ती प्रत्येक ग्रामसभेत वाचली जावी: किती बाळं निघाली, किती पोहोचली, किती परतली. ती मोजणी हाती येईपर्यंत रुग्णालयाची जागा ठरवू नये. मोलगी आणि धडगावचे नवजात कक्ष आधी चालू करावेत, परिचारिकांची पहिली तुकडी शिकायला निघावी, मग इमारतीची निविदा काढावी. आणि मोठ्या रुग्णालयाने प्रत्येक बाळाची खबर, बरी-वाईट जी असेल ती, पाठवणाऱ्या केंद्राला आठवड्याच्या आत कळवावी.

एक गोष्ट मात्र आज रात्रीपासून करता येईल, तिला जमीन लागत नाही की मंजुरी लागत नाही. तुझी पुढची प्रत लिहिणाऱ्याने आधी समोरच्या दवाखान्यात फोन करावा, ज्याच्याशी बोलणं झालं त्याचं नाव तुझ्यावर लिहावं, बाळाचं तापमान लिहावं, आणि आईला स्ट्रेचरवर आडवं करून बाळ तिच्या छातीवर उघडं ठेवून वरून घोंगडी घालावी. गाडी त्यानंतर हलवावी.

नंदुरबार जिल्ह्यातली एक रहिवासी